आपलं प्रथिन, अळीची पेशी

बाबांना सीएमएल आहे, रक्ताचा कॅन्सर. इमॅटिनिबची गोळी बिघडलेल्या एबीएल कायनेजला गप्प करते. पण या प्रथिनात ३१५व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं, की गोळी चालत नाही. डीएनएतलं एक अक्षर, बस्स. बाबांची ती टेस्ट झालीय, रिपोर्ट सोमवारी.

तोवर मी वाचत बसलोय. हे बदललेलं कायनेजही नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी कुपीत विकत मिळतं, उणे ८० अंशांत ठेवायचं. बऱ्याचदा ते एसएफ९ पेशींत बनवतात: मानवी जनुक विषाणूत घालून तो पेशींत सोडायचा. आपला कोड, दुसऱ्याचा सर्व्हर. आणि या पेशी मूळच्या लष्करी अळीच्या! तीच ती, २०१८ साली भारतात आलेली, आमचा मका फस्त करणारी.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "असू दे. फवारणी चुकवू नकोस."