मेंटेनन्सच्या बिलातली आगंतुक ओळ

मेंटेनन्सच्या बिलात सर्व्हिस चार्जेस, सिंकिंग फंड, पार्किंग या ओळखीच्या ओळींखाली एखाद्या महिन्यात नवीच ओळ उगवते: ‘लिफ्ट डॅमेज, ३८,५०० रुपये’. नमुना म्हणून असं धरू की चौथ्या मजल्यावरच्या सभासदाचा भाडेकरू घर सोडून गेला, हमालांनी कपाट लिफ्टमधून उतरवलं आणि दार वाकलं. सचिवांच्या दृष्टीने हिशेब इथेच संपला. आम्हा सहकार न्यायालयातल्या वकिलांचं काम इथून सुरू होतं.

सभासद बहुधा दोनपैकी एक करतो. सोसायटीशी वाकडं नको म्हणून मुकाट्याने भरतो, नाहीतर संतापून सगळं मेंटेनन्सच थांबवतो. दुसरा मार्ग आत्मघातकी आहे. नेहमीच्या रकमेबद्दल वाद नसतो, तरी ती थकते. आदर्श उपविधींनी थकबाकीवर सालीना २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज घ्यायची मुभा दिली होती. वर थकबाकीदाराचा शिक्का बसतो तो वेगळाच. म्हणून नेहमीची रक्कम वेळेवर, पूर्ण भरावी, वादातल्या रकमेबद्दल हरकतीचं पत्र द्यावं आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.

खरा मुद्दा असा, की नुकसानभरपाईची मागणी म्हणजे थकबाकी नव्हे. ‘आयर्न अँड हार्डवेअर (इंडिया) कंपनी’च्या १९५४च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी हे स्वच्छ मांडलं. जबाबदारी कोणाची आणि रक्कम किती, हे न्यायालय ठरवत नाही तोवर अशा मागणीचं ‘देणं’ होत नाही. ‘रमण आयर्न फाउंड्री’च्या निकालात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा उचलला. तिथे सरकार आपल्या नुकसानीपोटी कंत्राटदाराची दुसरी बिलं अडवू पाहत होतं. (त्या करारातल्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली वेगळा लावला, छागलांच्या मुद्द्याला मात्र धक्का लागला नाही.) दंडाची गोष्ट निराळी. त्याला उपविधींत कमाल मर्यादा असते, आधी नोटीस द्यावी लागते आणि निर्णय सर्वसाधारण सभेचा असतो. भरपाईला ‘दंड’ म्हणून सोसायटीची सुटका होत नाही.

थकबाकी आणि भरपाई यांतला हा भेद कागदी वाटेल, पण घाव तिथेच बसतो. थकबाकीसाठी सोसायटी उपनिबंधकांकडे वसुली दाखला मागू शकते. सहकारी संस्था कायद्यात पूर्वी त्यासाठी कलम १०१ होतं, २०१९च्या दुरुस्तीनंतर १५४ब-२९. ती चौकशी संक्षिप्त असते, साक्षी-उलटतपासणीला तिथे फारसा वाव नाही. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून ‘ही थकबाकी नाही, हा कलम ९१चा वाद आहे, सहकार न्यायालयात जा’ हे पहिल्याच पत्रात लिहिलेलं बरं.

त्यानंतर पुराव्याकडे वळावं, आणि इथे घाई हवी, कारण सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा, अशी मागणी त्याच दिवशी लेखी करावी. देखभाल कंपनीचा करार मागावा. दाराची दुरुस्ती त्यातच असेल तर सोसायटीच्या खिशातून गेलं काय? लिफ्टचं लॉगबुक तर मी सगळ्यात आधी मागतो. दार अडकल्याच्या तक्रारी त्यात आधीच्या महिन्यांतही सापडल्या, तर कपाटावर सगळं ढकलता येत नाही. पुढे कोटेशन पाहावं. पंधरा वर्षांच्या जुन्या दाराऐवजी कोरं दार बसवून त्याची पूर्ण किंमत एका घराकडून घेणं म्हणजे भरपाई नव्हे, नूतनीकरण.

उलट, हमाल चित्रणात दारावर कपाट आदळताना दिसत असतील, तर मी पक्षकाराला भांडू देत नाही. त्याने रकमेपुरतंच बोलावं. सोसायटीचा पैसा शेवटी शेजाऱ्यांचाच असतो, आणि दुसऱ्याने केलेलं नुकसान त्यांनी का भरावं?

कित्येक घरमालक या सगळ्याआधीच सचिवांच्या पत्रावर विसंबून भाडेकरूच्या डिपॉझिटमधून तेवढी रक्कम कापून मोकळे झालेले असतात. मग इकडे सोसायटीकडे पुरावा मागणाऱ्या त्याच सभासदाला भाडेकरू विचारतो, “काका, लॉगबुक दाखवता का?”