चतकोर

आपल्या मराठी भाषेनें मनुष्याच्या पोटावर जेवढा भार टाकला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याहि अवयवावर टाकलेला नाहीं. इंग्रज मनुष्य आपलें बरेंचसें हृदयांत सांठवितो. आपण मात्र दुसऱ्याचे अपराध पोटांत घालतों, गुपित पोटांत ठेवतों, कळवळा आला तर आपल्या पोटांत तुटतें. लबाड मनुष्य आधीं आपल्या पोटांत शिरतो आणि मग पोटावर पाय देतो. आणि दिवस वाईट आले कीं आपण पोटालाच चिमटा घेतों. एवढ्या जबाबदाऱ्या ज्याच्या माथीं आहेत त्याचा पाऊण हिस्सा कापून टाकल्यावर मनुष्याचें काय होत असेल, हा प्रश्न वाचकांना कदाचित् विनोदी वाटेल. मला तो गेले आठ महिने विनोदी वाटेनासा झाला आहे. कारण गेल्या मे महिन्यांत, उन्हाळ्याच्या सुटींत, पुण्यांतल्या एका शस्त्रवैद्यांनीं माझ्या जठराचा तेवढा हिस्सा काढून टाकला.

मी अंबाजोगाईस एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. वय ५३. शस्त्रक्रियेच्या दिवशीं वजन १२८ किलो, मधुमेह अकरा वर्षांचा, गुडघे सत्तरीचे, आणि रात्रीं घोरतां घोरतां श्वास अडकून दचकून उठण्याची संवय. पोटावर चार-पांच लहान छिद्रें पाडून, दुर्बिणींतून पाहात, जठराची बाहेरची फुगीर बाजू उभी कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. कोटाच्या बाहीसारखी दिसते म्हणून इंग्रजींत तिला बाहीचेंच नांव दिलें आहे. पण नुसती जागा कमी होते एवढेंच नाहीं. भुकेचा निरोप मेंदूकडे पोंचविणारा एक रस आहे. १९९९ सालीं कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनीं तो शोधून काढला आणि त्याला घ्रेलिन हें नांव दिलें. हा रस मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटांत तयार होतो, आणि शस्त्रवैद्य नेमका तो घुमट काढून नेतो. कोठारहि लहान झालें आणि मागणी घेऊन येणारा जासूदहि गेला, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

पहिले दोन आठवडे मी केवळ पातळ पदार्थांवर होतों. खोकल्याच्या औषधाबरोबर येते तसली ३० मिलिलिटरची पेली माझ्यापुढें ठेवीत, आणि तींतलें वरणाचें पाणी संपविण्यास मला पाव तास लागे. लहानपणीं माझ्या एका ब्राह्मण मित्राचे आजोबा आपोशन घेऊन शितांएवढ्या पांच प्राणाहुति घेत आणि मग जेवणाला लागत, तें मीं दारांतून कुतूहलानें पाहिलें होतें. माझें सारें जेवणच आतां प्राणाहुतींत आटोपूं लागलें. आपोशन मात्र वर्ज्य. जेवणाच्या आधीं अर्धा तास व नंतर अर्धा तास पाणी प्यावयाचें नाहीं, असा दंडक आहे. पुढें वाटलेलें अन्न आलें, मग मऊ भात, आणि जवळजवळ दोन महिन्यांनीं ज्वारीच्या भाकरीचा पहिला पापुद्रा. तो मीं किती वेळ चघळीत होतों हें सांगितलें तर वाचक हंसतील. इतकी वर्षें भाकरी खाल्ली, पण ज्वारीला स्वतःची एक गोडी असते हें मला त्या दिवशीं कळलें.

या सर्वांत मला सोपें गेलें तें दुखणें. अवघड गेली ती आई.

आई आतां पंचाहत्तरीपुढची आहे. १९७२ च्या दुष्काळांत ती धारूरकडच्या आमच्या खेड्याजवळ, बालाघाटच्या माळावर, खडी फोडण्याच्या सरकारी कामावर जात होती, आणि मी तिच्या पोटांत होतों. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर तिनें ते महिने काढले. त्या वर्षानें आमच्या घराला एक कायदा घालून दिला: ताटांत कांहीं टाकावयाचें नाहीं. पाऊस पुन्हां पडूं लागला, विहिरीला पाणी आलें, मी शिकलों, प्राध्यापक झालों, सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगानें घरांत सुबत्ता आणली. पण कायदा बदलला नाहीं. ताट धुतल्यासारखें स्वच्छ करून उठणें हाच आमचा धर्म होता. रुग्णालयांतून मी घरीं आलों तेव्हां आईनें माझ्याकडे नुसतें पाहिलें, आणि म्हणाली, “ज्या पोटासाठी म्या दगडं फोडली, त्येच कापून टाकून आलास व्हय रं?”

पंचवीस-तीस वर्षें मी विद्यार्थ्यांना वक्तृत्व शिकवीत आलों आहें. या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

उत्तराचा एक धागा मला पुढें सांपडला तो वाचनांत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथें जन्मलेल्या मुलांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतल्या मुलांचें ३.५. पण आश्चर्य असें कीं, या किरकोळ मुलांच्या अंगांत हाडामांसाची जी तूट होती, तशी चरबीची नव्हती. उपाशी आईच्या उदरांतलें मूल जणूं जगाचा रंग ओळखून, मिळेल तें चरबीच्या रूपानें गांठीला बांधतें. पुढें आयुष्यभर जर टंचाईच राहिली तर ही कंजुषी कामास येते. पण सुबत्ता आली, बैठी नोकरी लागली, तर तीच शिल्लक मधुमेहाच्या रूपानें व्याजासह वसूल होते. माझ्या एकट्याच्या शरीराविषयीं असें छातीठोकपणें कोणी सांगूं शकणार नाहीं. तरी मला त्या संशोधनानें एक समजूत दिली. मी आईला म्हटलें, “आई, तूं दगड फोडीत होतीस तेव्हां हें पोट दुष्काळ शिकलें. मी त्याला सुकाळ शिकवावयाला निघालों, तें शिकेना.” ती कांहीं बोलली नाहीं. पण त्या दिवसापासून तिनें तो प्रश्न पुन्हां विचारला नाहीं.

घराबाहेरचे प्रश्न निराळे होते. आमच्या बीड जिल्ह्यांत अंग धरणें हें सुखाचें लक्षण आणि अंग उतरणें हें संकटाचें. ढेरी असलेला मनुष्य खात्यापित्या घरचा समजला जातो. दिवाळीपर्यंत माझें वजन ३० किलोंनीं उतरलें, तेव्हां बाजारांत लोक मला आडबाजूला घेऊन हलक्या आवाजांत विचारूं लागले, “सर, कांहीं मोठं तर नाही ना?” त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता रोग आहे तें मला कळे. चौथ्या महिन्यांत केंस मूठमूठ गळूं लागले, त्यामुळें त्यांचा संशय पक्का झाला. असे केंस गळतात आणि बहुधा परत येतात, हें डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें. पण प्रत्येकास थांबवून तें कोण सांगणार?

ज्यांना खरें कारण माहीत होतें त्यांचा आक्षेप याच्या उलट. “आम्ही पहाटे उठून चालतों, तुम्ही पैसे भरून बारीक झालां,” असें एक सहकारी चहाच्या वेळीं हंसत हंसत म्हणाले. स्थूल मनुष्याची लाज बाळगणें हें आपण त्याचें कर्तव्यच समजतों. नितीन गडकरी यांनीं २०११ सालीं मुंबईस अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपविली नाहीं, हें मला त्यांच्या अनेक भाषणांपेक्षां धैर्याचें वाटतें. फेब्रुवारी २०१७ मध्यें इजिप्तची इमान अहमद ही तरुणी अशाच शस्त्रक्रियेसाठीं विमानानें मुंबईस आली. क्रेननें उचलून तिला सैफी रुग्णालयांत नेलें. पुढें कित्येक आठवडे तिचें वजन वर्तमानपत्रांत सोन्याच्या भावासारखें छापून येत होतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत अबूधाबी येथें ती वारली. तिचे किलो देशभर मोजले गेले. ती अंथरुणांतून काय पाहात होती, हें विचारण्याचें फार थोड्यांना सुचलें असेल.

सोपा मार्ग म्हणणाऱ्यांस मी एवढेंच सांगेन कीं, शस्त्रवैद्य पोट कापतो. संवय कापण्याचें हत्यार त्याच्यापाशीं नाहीं. भूक माझी खरोखरच ओसरली आहे. पण भूक निराळी आणि वखवख निराळी. संध्याकाळीं महाविद्यालयांतून येतांना भज्यांच्या कढईचा वास आला कीं जी उठते ती भूक नव्हे. ती त्या कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली नाहीं. एक घांस जास्त झाला तर छातीच्या मध्यभागीं कोणी मूठ आवळल्यासारखें होतें आणि तो घांस परत येतो. म्हणजे वखवख मनांत आणि शिक्षा देहांत, असा हा न्याय आहे. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्माच्या सोबती झाल्या आहेत. साखरेचें औषध सध्यां बंद आहे. पण डॉक्टर बजावतात कीं मधुमेह गांव सोडून गेलेला नाहीं, शेजारच्या गल्लींत राहावयास गेला आहे.

या आठ महिन्यांत मला सर्वांत जास्त शिकविलें तें मात्र एका अशिक्षित बाईनें. दिवाळीच्या आधींची गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी आपल्या आईला घेऊन घरीं आली. आईबाप ऊंसतोडीला जाणार होते. मुलीला वसतिगृहांत जागा मिळावी म्हणून माझें पत्र हवें होतें. पत्र लिहून झालें. बाई चाळिशीच्या आंतलीच असेल, पण चेहरा साठीचा. उठतांना ती माझ्याकडे पाहून सहानुभूतीनें म्हणाली, “सर, तुमची बी पिशवी काढली म्हणं?”

मुलगी शरमेनें खालीं पाहूं लागली. आमच्याकडे पिशवी म्हणजे गर्भाशय. आईला शस्त्रक्रिया समजावून देतांना ‘जठराची पिशवी’ असा शब्द मींच घरांत वापरला होता; तोच पसरत पसरत तिच्यापर्यंत गेला असावा. मी खुलासा करणार, तोंच ती पुढें म्हणाली, “मग जड उचलू नका बरं. माझी काढून धा वर्सं झाली. अजून कंबर धरती.”

मीं खुलासा केला नाहीं. “नाहीं उचलणार,” एवढेंच म्हटलें.

२०१९ सालीं बीड जिल्ह्यांतल्या ऊंसतोड स्त्रियांची सरकारनें पाहणी केली, तेव्हां सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून त्याची उचल आधींच घेतलेली. एक दिवस फडावर न जावें तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीचे दिवस, पांढरें जाणें, पोटदुखी यांना त्या हिशेबांत रकाना नाहीं. म्हणून पिशवीच काढून टाकावयाची. माझ्या शस्त्रक्रियेपूर्वीं चार महिने तपासण्या चालल्या होत्या. आहारतज्ज्ञ झाले, मानसोपचारतज्ज्ञ झाले, हृदयाचे डॉक्टर झाले. तिची एका दुपारींत उरकली, असें ती म्हणाली. माझें पोट अन्न जास्त झालें म्हणून कापलें. तिचें, अन्न मिळत राहावें म्हणून. गर्भाशयाबरोबर बीजकोशहि काढले असतील तर हाडें वेळेआधींच ठिसूळ होतात. कॅल्शियमची गोळी तिलाहि माझ्याइतकीच लागत असेल. पण दहा वर्षांत तिला तसें कोणी सांगितलें नव्हतें, आणि कागद तर तिच्यापाशीं एकहि नव्हता. मीं तिला गांवांतल्या सरकारी रुग्णालयांत नेण्याची तयारी दाखविली. ती म्हणाली, “आता नगं सर. परवा गाडी निघती.”

आतां हुरड्याचे दिवस आहेत. परवां मित्राच्या शेतावर गेलों होतों. पूर्वीं मी अर्धें शेत खातों अशी माझी थट्टा होई. या वेळीं मीं तळहातावर मावेल एवढाच हुरडा घेतला आणि तो दाण्यादाण्यानें खाल्ला. आग्रह करणाऱ्यांचे हात दोनदां पुढें आले, मग त्यांनीं नाद सोडला.

घरच्या कायद्याचा निकाल मात्र आईनेंच लावला आहे. दोन महिने ती माझ्या ताटांत अर्धी भाकरी वाढीत असे आणि मी तींतली निम्मी ठेवून उठे; ती उरलेली भाकरी ती मुकाट्यानें स्वतः खाई. एके दिवशीं तिनें न सांगतां चतकोरच वाढली. मीं ती संपविली, ताटलींतलें वरण बोटानें पुसून घेतलें, आणि उठलों. आईनें ताटलीकडे पाहिलें आणि ती तशीच दुसऱ्या कामाला लागली. दुष्काळाचा कायदा मोडला नाहीं; ताट तेवढें लहान झालें.

ती विद्यार्थिनी चार दिवसांपूर्वीं वर्गाबाहेर थांबली होती. ऊंसाच्या गाड्या पाडव्याच्या सुमारास परत येतील. तेव्हां आईला रुग्णालयांत कोणत्या वारीं न्यावें, हें तिला विचारावयाचें होतें. वार मीं लिहून दिला आहे, आणि माझ्या खिशांतल्या टिपणवहींतहि. अन्न आतां माझ्या पोटांत फारसें मावत नाहीं. पण एवढें मावावयास कांहीं हरकत नसावी.