वाटूरहून सोळा जणांचं बिऱ्हाड

वाटूर फाट्यावरून तुम्ही कधी ना कधी गेला असाल. जालन्याहून मंठ्याकडे जाणारी सडक आणि परतूरला जाणारा रस्ता इथं एकमेकांना भेटतात. चहाच्या टपऱ्या, फळांच्या गाड्या, जीपवाल्यांची हाकाटी आणि एसटीची वाट बघत गाठोड्यांवर बसलेली माणसं. आमच्या घरची कोणतीही यात्रा निघते ती याच फाट्यावरून. आणि यात्रा निघायच्या आधी घरात महिनाभर एकाच गोष्टीवरून वाद चालतो : उतरायचं कुठं?

तुमच्या घरी माणसं किती ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे सोळा आहेत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई; तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा, सात लेकरं, आणि माहेरी येऊन राहिलेली नणंद व तिचा मुलगा. घरी सोळा माणसं कधी जास्त वाटत नाहीत. पण परगावी लॉजच्या खिडकीशी उभं राहून आकडा सांगितला की समोरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो, मग मागं रांगेत उभ्या लेकरांकडे बघतो. त्याचा हिशेब दोन-दोन माणसांचा. एका खोलीत दोन खाटा, वर एक गादी टाकली तर तिचे पैसे निराळे.

सहा वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या गावी आम्ही असेच फसलो. रात्री नऊ वाजता पोचलो, मिळतील त्या पाच खोल्या घेतल्या. दोन खाली, दोन दुसऱ्या मजल्यावर, एक तिसऱ्यावर. आत्याबाई नणंदेसोबत दुसऱ्या मजल्यावर. रात्री त्या उठल्या, न्हाणीघर बाहेर होतं, परत येताना सगळी दारं सारखीच दिसू लागली. अनोळखी माणसाचं दार कसं वाजवावं म्हणून त्या जिन्यात बसून राहिल्या. पहाटे धाकट्या जावेला तिथंच सापडल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घरी असते तर नुसता आवाज दिला असता." त्यानंतर मात्र त्यांनी यात्रेचं नाव टाकलं. "तुम्ही जा, मी गुरांकडे बघते," हे ठरलेलं उत्तर.

त्यांच्या काळात ही अडचण नव्हती असं नाही, पण तिची रीत वेगळी होती. परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता तेव्हाच्या गोष्टी त्या सांगतात (आपला जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला). तुळजापूरला गेलं की घराण्याच्या पुजाऱ्याकडे उतरायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्याच्या वहीत असायची. पंढरपूरला गेलं की मठ किंवा धर्मशाळा. एक लांबलचक ओसरी, तिच्यावर आपली वाकळ पसरायची, तीन दगडांची चूल मांडायची. धर्मशाळेत माणसं मोजत नसत, जागा मोजत. दाटीवाटीनं का होईना, घर एकत्र निजायचं.

धर्मशाळा म्हटलं की गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अंगावर चिंध्या आणि हातात खराटा घेतलेल्या या माणसानं लोकांकडून पैसा उभा करून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात ज्यांना कोणी ओसरीही देत नसे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 मध्ये ती बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र त्यांनी एकाही इमारतीत आपलं बिऱ्हाड थाटलं नाही. आज आपण "भक्तनिवास" म्हणतो त्यामागं ही सगळी पुण्याई आहे.

तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेगावला जायचं ठरलं. सोयाबीन घरात आलेलं, कपाशीची पहिली वेचणी उरकलेली, गुरांना सालगडी. म्हणजे आत्याबाईंना सबब उरली नाही. तरी त्या ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, "जिना चढायचा नाही आणि कोणी वेगळं निजायचं नाही, एवढं जमलं तर याल?" त्या म्हणाल्या, "बघू."

त्या "बघू"साठी मी काय काय केलं ते सांगते, तुमच्या कामी येईल.

पहिलं म्हणजे दिवस निवडला. शेगावला गुरुवारी गर्दी, रामनवमीला गर्दी, माघातल्या प्रकटदिनाला आणि ऋषिपंचमीला तर पाय ठेवायला जागा नाही. आम्ही सोमवार धरला. दुसरं, रात्री पोचायचं नाही. सकाळी लोकांनी खोल्या सोडल्या की दुपारपर्यंत हव्या तशा मिळण्याची आशा असते. रात्री जे उरलं ते गळ्यात पडतं. म्हणून पहाटे चारलाच वाटूर सोडलं. मंठा, लोणार, मेहकर, खामगाव आणि मग शेगाव, असा रस्ता. आम्ही सतरा जणांची गाडी भाड्यानं केली. एसटीनं गेलात तर गाड्या बदलाव्या लागतील, पण खर्चाचा मोठा भार उतरतो : ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्यासारख्या बायाच जास्त असलेल्या घरात हा हिशेब लहान नव्हे. तिसरं, सगळ्यांची आधारकार्डं एका पिशवीत. खिडकीशी उभं राहून "तुझं कुठंय, माझं कुठंय" करत बसलात तर मागचा पुढं जातो.

आणि खिडकीशी गेल्यावर "किती खोल्या आहेत?" असं विचारू नका. "आम्ही इतकी माणसं, एक म्हातारं माणूस आहे, तळमजल्यावर मोठी खोली आहे का?" असं विचारा. न्हाणीघर आतच आहे ना, हेही. शेगावच्या संस्थानात लहान खोल्या आहेत तशा मोठ्याही आहेत, आणि सामाईक निजायची दालनंही आहेत. आम्हांला तळमजल्यावर शेजारी-शेजारी दोन मोठ्या खोल्या मिळाल्या. बाया आणि लेकरं तिथं, बाप्ये सामाईक दालनात. तिथले सेवाधारी बघण्यासारखे आहेत. पांढऱ्या कपड्यातली ही माणसं आपापली शेतं-दुकानं सांभाळून पाळीपाळीनं सेवेला येतात, फरशी पुसतात, वाट दाखवतात आणि कोणाकडून छदामही घेत नाहीत. महाप्रसाद तिथंच, म्हणजे चुलीची चिंता नाही.

नांदेडला जायचं असेल तर परतूरहून आगगाडी आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याची यात्रीनिवासं मोठी आहेत आणि लंगर कोणालाही खुला. डोक्यावर पदर किंवा रुमाल हवा, एवढंच. पण जिथं असं संस्थान नाही तिथं काय? माझ्या धाकट्या दिरानं एक युक्ती शोधली आहे : मंगल कार्यालय. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नसतात, कार्यालयं रिकामी असतात. मालकाशी बोललं तर मोठं दालन, पाणी, स्वयंपाकघर, भांडी सगळं एकाच ठिकाणी मिळतं, आणि घासाघीसही करता येते. वीजबिल कोण भरणार ते मात्र आधीच ठरवून घ्या, नाहीतर निघताना तोंडं वाकडी होतात. लेकरांना कोकणात समुद्र बघायचा आहे. तिकडं लोक राहतं घर पाहुण्यांना देतात, निवास व न्याहारी योजनाही आहे. माणसं सोळा सांगितली की त्यांचाही आवाज बदलतो, पण पूर्ण घरच मागितलं की पुन्हा गोड होतो.

परतताना लोणारला थांबलो. उल्का पडून झालेलं ते विवर, पावणेदोन-एक किलोमीटर रुंद, खाली खारं पाणी. लेकरं बापासोबत उतरून गेली. आत्याबाई आणि मी काठावरच बसलो. उतार अवघड आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी नाद करू नये. त्यांच्यासाठी गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ आहे, तिथं चढ नाही.

काठावर बसून त्यांनी शेगावची रात्र आठवली. म्हणाल्या, "रात्री दोनदा उठले. दोन्ही वेळा मोजली सगळ्यांना." मग थोडं थांबून, "पंढरपूरला मंदिर समितीचं पण निवास आहे म्हणतात."

"आहे ना," मी म्हटलं, "पण आषाढी-कार्तिकी सोडून."

"माघवारी पण सोड. फाल्गुनात, गहू काढून झाल्यावर जाऊ. तू फोन कर," त्या म्हणाल्या, "आणि तळमजल्याचं आधी विचार."