धूर पकडला, राखेचं काय?

नववीतल्या एका मुलाने विचारलं, ‘सर, चिमणीतला कार्बन पकडता येतो म्हणे. मग कोळसा जाळायला काय हरकत?’ त्याचे मामू एका वीज केंद्रात कंत्राटी कामावर आहेत. म्हणजे प्रश्न नुसत्या विज्ञानाचा नव्हता. मी उर्दू-मराठी शिकवतो, रसायनशास्त्र नाही; पण हिशेब मांडून पाहिला.

पकडता येतो, हे खरं. धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या द्रावणात शोषून घ्यायचा, मग ते द्रावण तापवून तो वेगळा करायचा. एनटीपीसीने मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात २०२२ मध्ये असा प्रकल्प सुरू केला. क्षमता दिवसाला २० टन. केंद्र आहे ४,७६० मेगावॅटचं. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो वायू निघतो. म्हणजे दिवसभरात जेवढा पकडला, तेवढा हे केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर पंधरा-सोळा सेकंदांत बाहेर टाकतं. अर्थात हा प्रयोग आहे, आणि प्रयोग लहानच असतो. त्याला हसू नये. टेक्सासमधला पेट्रा नोव्हा प्रकल्प याहून कितीतरी मोठा. तिथे पकडलेला वायू जमिनीतलं तेल वर ढकलायला वापरत. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले आणि प्रकल्प बंद झाला, तो २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

मला खटकतं ते वेगळंच. द्रावण तापवण्यात आणि वायू दाबण्यात केंद्राच्या ऊर्जेचा साधारण पाचवा-चौथा हिस्सा खर्च होतो. लोकांना वीज तेवढीच द्यायची, तर कोळसा जास्त जाळावा लागणार. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. धूर कमी झाला तरी राख वाढलीच.

ही राख जाते कुठे? जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत, पुढे कन्हानमध्ये गेली. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. तिथून पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात येतं, म्हणजे आमच्या पवनी तालुक्यात. आमचे धान आणि नदीकाठच्या ढिवरांची मासेमारी त्याच पाण्यावर.

राखेच्या विटा होतात, ती सिमेंटमध्येही जाते, हे मान्य. पण त्यासाठी आणखी राख कशाला? वायू पकडायचाच असेल तर सिमेंट कारखान्यांत पकडा. चुनखडी भाजली की तो निघणारच, तिथे दुसरा इलाज सहज सापडत नाही. विजेला मात्र ऊन आहे, आणि विदर्भात ते काही कमी नाही. कंत्राटी कामगारांची रोजी हा खरा प्रश्न उरतो. चिमणीला महागडं यंत्र लावण्याआधी त्यातला काही पैसा त्यांना सौर पंप आणि पॅनलचं काम शिकवण्यावर खर्च व्हावा, असं मला वाटतं.