पेशंटचा ओव्हर दिलास, आता तुझा दे

कोरोनाच्या दिवसांत तुम्हा नर्सेसना एवढा ताण झेपला कसा, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतं. प्राणायाम, ध्यान, समुपदेशन असं काहीतरी उत्तर अपेक्षित असतं. प्राणायाम मीही केला, नाही असं नाही. पण आम्ही तगलो ते एकमेकींमुळे आणि आमच्याच चार साध्या नेमांमुळे.

मी कंत्राटी स्टाफ नर्स. माहेर कोरेगाव तालुक्यात, सासर साताऱ्यात. पहिली लाट सांगली जिल्ह्यातल्या एका कोविड वॉर्डात काढली, दुसरी साताऱ्यात. मार्च २०२० मध्ये सौदी अरेबियाहून परतलेल्या इस्लामपूरच्या कुटुंबातले चौघे पॉझिटिव्ह निघाले आणि बघता बघता त्यांच्या नात्यातल्या बाधितांचा आकडा विशीच्या पुढे गेला. मिरजेचं शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं. त्या बाधितांतले बहुतेक जण एप्रिलमध्ये बरे होऊन घरी गेले, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच धीर आला. पण बाहेरची भीती हटली नव्हती. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता ज्या गल्लीनं थाळ्या वाजवल्या, त्याच गल्लीत पुढं आमच्यातल्या एकीला घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली. लेकरांना मी माहेरी आईकडे ठेवलं. रेल्वे बंद, एसटी बंद. त्यांना बघायचं ते मोबाईलवरच.

खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरात आला. पीपीई किट चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाण्याचा घोट नाही, लघवीला जाणं नाही. पाळीच्या दिवसांत काय हाल होत असतील, ते सांगायला नको. दोन-दोन हातमोज्यांतून शीर बोटाला लागायची नाही आणि गॉगलवर वाफ धरली की सलाईनचे थेंबही दिसायचे नाहीत. रडायचीसुद्धा सोय नव्हती, कारण डोळे पुसायला हात चेहऱ्याकडे नेता येत नव्हता. आम्ही सगळ्या सारख्याच पांढऱ्या. पेशंटला कोण कुठली कळायचं नाही. मग किटवर छातीशी आणि पाठीवर मार्करनं मोठ्या अक्षरांत नावं लिहायला लागलो. पहिल्याच दिवशी एका आजीनं मला नावानं हाक मारली आणि त्या किटच्या आत आपण माणूस आहोत, हे जाणवून माझं मलाच बरं वाटलं.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, सॅच्युरेशन नव्वदच्या खाली, आणि पालथं झोपायला सांगितलं की चिडायचे. फळछाटणीचे दिवस होते. त्यांच्या जिवाला घोर होता तो बागेचा. मास्क बाजूला करून म्हणायचे, "सिस्टर, पोराला फोन लावा की. पेस्ट लावली का इचारा." छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, हे मला तेव्हा कळलं. मी पोराला फोन लावायचे, उत्तर ऐकायचे आणि त्यांना सांगायचे, "लावली म्हणे. आता तुम्ही पालथे व्हा." मग मुकाट व्हायचे. पुढं डोळे फुटल्याची बातमीही मीच दिली. ते चालत घरी गेले. त्या दिवशी आमच्या अख्ख्या शिफ्टचा शीण उतरला.

सगळेच काही चालत गेले नाहीत. तिथं आमच्या इनचार्ज सिस्टरांचे नेम कामी आले. मृत्यू कळवायचा फोन एकटीनं करायचा नाही. एकीनं बोलायचं, दुसरीनं शेजारी उभं राहायचं. आज जिनं मृतदेह बांधायला हात लावला, तिला उद्या ते काम नाही. आणि किट उतरवून, अंघोळ करून बाहेर आलं, की चहाचा कप हातात देऊन त्या म्हणायच्या, "पेशंटचा ओव्हर दिलास, आता तुझा दे." ओव्हर म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची सगळी हकीकत सांगणं. मग जे साचलं असेल ते बोलून टाकायचं. कुणी डॉक्टरांवर चिडायची, कुणी नवऱ्यावर, कुणी नुसतीच रडायची. उपदेश करायचा नाही, हा तिथला कायदा. कधी एखादीच्या डब्यातला खर्डा निघाला की त्या रडण्यातूनच हसणं सुरू व्हायचं. समुपदेशन म्हणजे याहून वेगळं काय असतं?

दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, साताऱ्यात मात्र हे नेमही अपुरे पडले. लस घेतलेली होती, त्यामुळं स्वतःच्या जिवाची भीती कमी झाली होती. वाढली होती ती हतबलता. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा निकष आहे. आमच्याकडे तो कागदावरच राहिला. दोन कोपऱ्यांत दोन मॉनिटर एकाच वेळी ओरडायला लागले, तर आधी कुणाकडे धावायचं? ऑक्सिजनचा टँकर वाटेत असल्याचा निरोप आला की नजर पेशंटवरून प्रेशरच्या काट्याकडे जायची. घरी गेल्यावर कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकून उठायचे. ही भीती नव्हती. जे काम आपल्याला नीट येतं, ते नीट करायला मिळत नाही, याची ती सल होती. तिला प्राणायामाचा उतारा नाही.

म्हणूनच नाईट करून आलेल्या बायकांना बसवून ठेवून 'तणावमुक्त जीवन' या विषयावर व्याख्यान दिलं गेलं, तेव्हा आम्ही पेंगत होतो. त्या महिन्यातला पगार थकलेला होता. लाट ओसरली तशा आम्ही कंत्राटी मुली एका आदेशानं घरी बसलो, हातात 'कोविड योद्धा' लिहिलेली प्रमाणपत्रं घेऊन. २०२२ च्या मे अखेरीस राज्यातल्या शासकीय परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा कायम नोकरीतल्या त्या बायका आमचंच दुखणं मांडत होत्या.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. आपण त्यांच्यापुढं हात जोडतो, ते योग्यच आहे. पण त्यागाचं कौतुक करायची सवय आपल्याला इतकी लागली आहे, की तो त्याग करायची वेळ पुन्हा कुणावर येऊ नये म्हणून काय केलं, हे आपण विचारतच नाही.

पुढची साथ येणारच. तेव्हा नर्सचा ताण कमी करायचा असेल, तर तिच्या वाट्याला झेपतील एवढेच पेशंट द्या, ड्युटीनंतर झोपायला स्वच्छ खोली द्या, पगार वेळेवर द्या आणि गरज सरल्यावर तिला घरी पाठवू नका. एकमेकींना सांभाळायचं ते आम्ही बघून घेऊ. तेवढं आम्हाला येतं.