राख, पातेरा आणि गोळी

आमची माती आंबट आहे, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. पण जांभ्यावरच्या घराघरांत एवढं ठाऊक होतं, की ही तांबडी माती घातल्याशिवाय देत नाही.

म्हणून घरातलं काही फुकट जायचं नाही. गोठ्यातलं शेण फुकट जायचं नाही, आंब्याफणसाचा पातेरा फुकट जायचा नाही, ऐना-किंजळीचं कवळ नाही, भाताचं तूस नाही. चुलीतल्या राखेवरून तर रोज तंटा! भांडी घासायला राख हवी, दातांना राखुंडी हवी, कडधान्याच्या मडक्यात हवी; आणि सगळ्यांत मोठा हक्क शेताचा. आजी भांड्यांपुरती करवंटीभर राख काढून द्यायची आणि उरलेल्या डब्यावर पहारा ठेवायची.

शिमगा सरला की भाजावळ. शेण, कवळ, पातेरा, वर मातीचा पातळ थर. वारा बघून विस्तव लावायचा. ओल्या डहाळ्या घेऊन बांधावर उभं राहायचं काम आम्हा पोरांचं. मृगात त्याच काळ्या जागेत भाताच्या रोपांचा तरवा हिरवागार उठायचा.

कारण पुढे कळलं. कोकणचा धो-धो पाऊस मातीतला चुना नि पालाश धुऊन नेतो. उरलेलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद धरून बसतात. राखेतून चुना, पालाश दोन्ही परत मिळतात. खाचरात पाणी बांधलं की आंबटपणाही काही आठवड्यांत उतरतो.

दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ आलं. पुढे चारसूत्री भात आला: तरव्याला तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर नेमकी लावणी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी. दोन बोटांत धरून ती चिखलात चार बोटं खोल खुपसायची. "शेताला ताप आलाय की काय?" म्हणून म्हातारे हसले. पण राख आणि पाला त्यांचाच होता. नवी होती ती गोळी, आणि मोजून लावायची शिस्त.

आता चुली विझल्या, गोठे ओस पडले. माती मात्र आंबट ती आंबटच. तेव्हा मंडळी, माती तपासून घ्या. अहवाल सांगेल तेवढाच चुना लावणीआधी दोन-तीन आठवडे मिसळा. आणि चुना किंवा राख युरियात कालवू नका. नत्र हवेत उडून जाईल, नि आपल्याकडे काही फुकट घालवायची रीत नाही.