शहाणा मेन्यू आणि सवयीचा हात

माणूस पाहून स्वतःला बदलणाऱ्या संगणक-प्रणाली घडवणाऱ्या आम्हा मंडळींचा सगळा जीव यंत्र माणसाला किती लवकर ओळखतं, यातच अडकलेला असतो. खरा पेच वेगळाच आहे. यंत्र माणसाला शिकत असतं त्याच वेळी माणूसही यंत्र शिकत असतो आणि यंत्राने शिकून एखादी वस्तू हलवली की माणसाने शिकलेलं वाया जातं. ऑफिस 2000 चे मेन्यू क्वचित लागणाऱ्या आज्ञा आपणहून लपवत. हिशेब चुकीचा नव्हता. पण हात ज्या जागी सवयीने जायचा, तिथे आता आधी डोळ्यांना जावं लागे. 2004 मध्ये लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅक्ग्रेनिअर यांनी स्थिर, आपोआप बदलणारा आणि वापरणाऱ्याने स्वतः बदलायचा असे तीन मेन्यू ताडून पाहिले, तेव्हा आपोआप बदलणारा मेन्यू स्थिर मेन्यूपेक्षा संथ ठरला.

यावर आमच्यातले जुने लोक 1985 चा ग्रीनबर्ग आणि विटन यांचा प्रयोग पुढे करतात. वारंवार लागणारी नावं वर आणणारी टेलिफोन डिरेक्टरी तिथे सरस ठरली होती. ठरणारच. एवढ्या मोठ्या यादीत कोणतं नाव कुठे आहे हे कुणाच्या हातात बसलेलंच नसतं. मग हलवल्याने मोडणार काय? नव्या पिढीचा आक्षेप अधिक वजनदार आहे: तेव्हाचे अंदाज कच्चे होते, आता यंत्र क्वचितच चुकतं. क्रिस्टॉफ गायोश आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलंही की अंदाजाची अचूकता वाढली की काम झपाट्याने होतं. पण त्या प्रयोगात मूळ बटणं जागची हलवली नव्हती. सुचवलेल्या बटणांच्या प्रती वेगळ्या पट्टीत मांडल्या होत्या. अचूकतेचं फळ मिळालं ते सवयीला धक्का न लावता. हलत्या मांडणीत मात्र शंभरातले पाचच अंदाज चुकले, तरी हे त्या पाचांपैकी तर नाही ना, हे शंभरही वेळा पाहावं लागतं.

आता भाषा-प्रारूपांच्या जोरावर प्रत्येक वेळी अख्खा पडदाच नव्याने रचून देऊ, असं म्हणणारे आले आहेत. त्यांची करामत मला मान्य आहे, कारागिरी नाही. रोज नव्याने मांडलेल्या पडद्यावर माणूस कायमचा नवशिका राहतो. ज्याचे हात नीट चालत नाहीत, त्याची क्षमता मोजून त्याच्यासाठी वेगळी मांडणी रचणं हे रास्तच आहे. गायोश यांनी तेही करून दाखवलं. पण ती मांडणी एकदा बेतावी आणि मग टिकू द्यावी.

हे सगळं ठाऊक असूनही आम्ही मेन्यू हलवत राहतो, याचं कारण तंत्रात नाही, आमच्या अहंकारात आहे. ‘याला कसं बरं कळलं?’ ही दाद आम्हाला हवी असते. मलाही ती हवी असते, आणि गिऱ्हाइकासमोर प्रात्यक्षिक देताना तर फारच. याउलट 2007 च्या आयफोनचा कीबोर्ड पुढचं अक्षर ओळखून त्या कळीचं स्पर्शक्षेत्र वाढवत असे, पण दिसणारी कळ तसूभरही हलत नसे. टाइप करणाऱ्याला वाटे, आपलाच हात बसला. या धंद्यातलं इतकं सुबक काम मी फार थोडं पाहिलं आहे. आणि ते माझ्या नावावर असतं, तर कुणाला दिसत नाही म्हणून मी नक्कीच कुरकुरलो असतो.